जात्याविना पोट

मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या जंगलांत आणि कॅरिबियन बेटांवर युफोनिया नावाचे इवलेसे पक्षी राहतात. लांबी जेमतेम १०-११ सेंटिमीटर. बऱ्याच जातींत नराची पाठ निळी-काळी चकचकीत आणि पोट हळदीसारखं पिवळं. मादी शेवाळी; पानांत बसली की सापडणं कठीण. नावाचा ग्रीक अर्थ ‘गोड आवाज’. त्या आवाजात नक्कलही असते! जाड चोचीचा युफोनिया घरट्याजवळ शत्रू दिसला की शेजारच्या दुसऱ्या जातींच्या पक्ष्यांची धोक्याची हाक काढतो आणि ते पक्षी धावून येतात.

पण मला सगळ्यात नवल वाटतं ते त्याच्या पोटाचं. पक्ष्यांना दात नसतात, म्हणून दळण पोटात होतं. पेषणी ही जाड स्नायूंची पिशवी म्हणजे त्यांचं जातंच. युफोनियाच्या पोटात हे जातं नावापुरतंच उरलं आहे, पातळ पडद्यासारखं. पीटर विल्हेल्म लुंड या डॅनिश अभ्यासकानं १८२९ मध्येच याचं वर्णन केलं होतं. गंमत म्हणजे युफोनियाला बराच काळ टॅनेजर या दुसऱ्याच पक्षीकुळातला समजत होते. डीएनए तपासल्यावर तो फिंच कुळातला निघाला. फिंच म्हणजे बिया फोडून खाणारं घराणं, आणि हा त्यातलाच बी अख्खी गिळणारा.

कारण त्याचं आवडतं खाणं: बांडगुळाची फळं. चोचीत दाबून तो साल टाकून देतो आणि चिकट गरासकट बी गिळतो. गर पचतो. बी मात्र शाबूत बाहेर पडते, तीही चिकाच्या तारेला लगडलेली. बांडगुळाला नेमकं हेच हवं असतं. त्याची बी जमिनीवर पडली तर वाया जाते; फांदीला चिकटली, तरच तिचा कोंब साल भेदून झाडाच्या आत शिरतो. पेषणी दणकट असती तर बी तिथेच भरडली गेली असती.

आशियातल्या फुलटोच्यांचं युफोनियाशी जवळचं नातं नाही, तरी बांडगुळाची फळं तेही खातात. त्यांच्यात पेषणी शिल्लक आहे, पण मुख्य वाटेच्या बाजूला, आडगल्लीसारखी. कीटक त्या गल्लीत वळून दळले जातात. फळ मात्र सरळ पुढे सरकतं.