पोटरीचा स्नायुपंप

पायांच्या नीलांतील (हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांतील) रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हृदयाकडे चढवणारी पोटरीच्या स्नायूंची यंत्रणा. हृदयाने रेटलेल्या रक्ताचा जोर केशवाहिन्या ओलांडेपर्यंत बराचसा सरलेला असतो आणि उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत साधारण सव्वा मीटरची चढण उरते. ती चढायला लागणारा जोर मुख्यतः चालण्यातून मिळतो. तळपाय आणि मांडीचे स्नायूही हातभार लावतात, पण मोठा वाटा पोटरीचाच.

टाच उचलली की पोटरी आवळून टणक होते. स्नायूंभोवतीचे पटल फारसे ताणले जात नसल्याने सगळा दाब आतल्या नीलांवर येतो आणि त्यांतले रक्त वर ढकलले जाते. टाच टेकली, पोटरी सैल पडली, की या रिकाम्या झालेल्या खोल नीलांत कातडीखालच्या नीलांमधले रक्त ओढले जाते. रक्त उलट फिरू नये म्हणून नीलांत जागोजागी दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये या झडपांचे सविस्तर वर्णन छापले, मात्र झडपांचे खरे काम ओळखले ते त्यांचे शिष्य, इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी. दंड बांधून फुगवलेल्या हाताच्या नीलेतले रक्त बोटाने रेटून पाहिले तर ते झडपेपलीकडे हाताच्या पंजाकडे जात नाही, हे हार्वे यांनी १६२८ च्या ग्रंथात चित्रांसह दाखवले.

स्तब्ध उभे असताना घोट्याजवळच्या नीलेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरइतका असतो. निरोगी पायात काही पावले चालताच तो ३० च्या खाली येतो. थांबल्यावर नीला पुन्हा भरायला २० सेकंदांहून अधिक वेळ लागतो. झडपा गळक्या असतील तर वरचे रक्त खाली घसरते, नीला काही सेकंदांतच भरतात आणि चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. अपस्फीत नीला (व्हेरिकोज व्हेन्स), संध्याकाळी घोट्यांवर येणारी सूज, काळवंडणारी त्वचा आणि चिघळणारे व्रण यांमागे बहुधा हा न उतरणारा दाबच असतो.

व्यायामाने बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही आणि फुगलेली नीला पूर्ववत होत नाही. तसा दावा कुणी केला तर तो सोडून द्यावा. पोटरी बळकट होते, सूज आणि जडपणा कमी होतो, हा लाभही लहान नाही. त्यासाठी घोटा पुरेसा वाकला पाहिजे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. आखडलेल्या घोट्याने पाय घासत चालणाऱ्याची पोटरी जेमतेम आवळते, त्यामुळे बराच वेळ चालूनही पंप अर्धवटच चालतो. चवड्यांवर उभे राहून टाचा सावकाश खाली आणणे, बसल्या जागी चवडे वर-खाली करणे हे साधे प्रकार म्हणूनच उपयोगी ठरतात. पोहणेही सोयीचे, कारण पोहताना शरीर आडवे असते, शिवाय पाण्याचा दाब बाहेरून आधार देतो. याउलट श्वास कोंडून जड वजन उचलताना पोटातला दाब वाढून पायांकडून येणारे रक्त तेवढ्यापुरते अडते. उचलताना श्वास सोडल्यास हा अडथळा कमी होतो.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर खोल नीलेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. अशा वेळी पोटरी चोळू नये, व्यायामाने सूज उतरेल म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे.