खड्डा चुकवला, कर चुकवला: एस्केप, इल्यूड, इव्हेड आणि अव्हॉइडची पार्श्वभूमी

‘एस्केप’चं उदाहरण ठाण्यात बाहेरून आणावं लागत नाही. १२ सप्टेंबर १८१६ रोजी पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. पहारा गोऱ्या शिपायांचा, त्यांना मराठीचा गंध नाही, आणि बाहेरच्या एका मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, गाण्यातून त्याला निरोप पोचवला, असं सांगतात. याच किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.

या घटनेवर तीन वाक्यं होतात. ‘ही एस्केप्ड फ्रॉम द फोर्ट’: माणूस आत कोंडलेला होता, म्हणून फ्रॉम. ‘ही इल्यूडेड द ब्रिटिश अंटिल १८१८’: तो मागावरच्यांना गुंगारा देत राहिला. इल्यूडनंतर फ्रॉम कधीच येत नाही. ‘ही डिड नॉट एस्केप पनिशमेंट’: क्रियापद पुन्हा एस्केपच, पण शिक्षा ही कोंडून ठेवणारी जागा नव्हे, अंगावर येणारी गोष्ट आहे, म्हणून फ्रॉम गळतो. म्हणूनच ‘एस्केप्ड फ्रॉम जेल’ म्हणजे तुरुंगातून पळाला, आणि वर्तमानपत्रात ‘एस्केप्ड जेल’ आलं की बहुधा अर्थ होतो, तुरुंगवासाची शिक्षाच टळली.

मराठी मुलं अडखळतात ती ‘-तून’ आणि ‘-पासून’ यांमुळे. नजरेतून सुटलं, म्हणून ‘एस्केप्ड फ्रॉम माय नोटिस’ लिहितात. तिथे फ्रॉम नको. अपघातातून वाचला, म्हणून ‘एस्केप्ड फ्रॉम द अ‍ॅक्सिडेंट’ लिहितात. अपघात होऊन गेला असेल तर ‘सर्व्हाइव्ह्ड’ हवं, इजा झाली नसेल तर ‘एस्केप्ड अनहर्ट’. ‘गाडीखाली येता येता वाचला’ हे ‘नॅरोली एस्केप्ड बीइंग रन ओव्हर’ असं होतं. ‘भरायचं टाळलं’ यातल्या ‘-यचं’मुळे ‘अव्हॉइडेड टु पे’ होतं, खरं रूप ‘अव्हॉइडेड पेइंग’. आणि नाव आठवत नसेल तर कर्ता नाव असतं: ‘हिज नेम एस्केप्स मी’. ऐरोली-महापेच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘अवतरणचिन्ह एस्केप कर’ म्हणतात, तो प्रयोग वेगळाच. तिथे कर्म म्हणजे टाळायची गोष्ट नसून नेहमीच्या अर्थातून सोडवायचं चिन्ह असतं.

मूळ अर्थ थोडक्यात. एस्केप हा लॅटिन ‘काप्पा’, म्हणजे अंगरखा, यावरून आला असं मानतात: पकडणाऱ्याच्या हाती अंगरखा ठेवून निसटणं. इल्यूडमध्ये ‘खेळणे’ आहे, इव्हेडमध्ये ‘चालू पडणे’. अव्हॉइडचा इंग्रजीतला जुना अर्थ ‘रिकामं करणे’.

खरा गुंता इव्हेड आणि अव्हॉइडचा. घोडबंदर रोडवरचा खड्डा चुकवला, नजर चुकवली, पोलिसांना चुकवलं, कर चुकवला. चारही ठिकाणी आपलं क्रियापद एकच. इंग्रजीत पहिली दोन अव्हॉइड, तिसरं इल्यूड किंवा इव्हेड, चौथं मात्र जपून. त्यात ‘कर चुकता केला’ म्हणजे पूर्ण भरला, आणि हिंदीतलं ‘कर चुकाया’ म्हणजेही भरला. नौपाड्यात किंवा वाशीत कर सल्लागाराकडे उमेदवारी करणाऱ्या मुलाच्या टेबलावर तिन्ही भाषा असतात. हिंदी ‘चुकाया’ वाचून त्याने मराठी ‘चुकवला’ गृहीत धरलं की भरलेला कर इंग्रजी मसुद्यात ‘इव्हेडेड’ होऊन बसतो.

इव्हेडमध्ये दोष आहे: देणं लागू झालं होतं आणि ते लपवलं. मराठीत खरं तर ‘बुडवला’ हाच त्याचा नेमका शब्द. अव्हॉइडमध्ये देणं कायद्याच्या चौकटीत राहून लागूच होऊ दिलं नाही. इंग्लंडमध्ये १९३५ साली एका ड्यूकच्या खटल्यात हा हक्क ठामपणे मान्य झाला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५च्या निकालाने रेघ पुसट केली: कायद्यात बसणारं नियोजन चालेल, पण दिखाऊ क्लृप्त्या नियोजनात मोडत नाहीत. तेव्हापासून कितीतरी लिखाणात अव्हॉइडन्सलाच शिवीची छटा आली. २००३ आणि २०१२च्या निकालांनी १९८५च्या निकालाचा अर्थ आवरता घेतला. मग १ एप्रिल २०१७पासून लागू झालेल्या आयकर कायद्यातल्या तरतुदींनी ‘इम्परमिसिबल अव्हॉइडन्स अरेंजमेंट’, म्हणजे कर टाळण्याची अमान्य व्यवस्था, ही संज्ञा व्यवहारात आणली. सर्व पक्षांचा मिळून करलाभ वर्षात ३ कोटी रुपयांपर्यंत असेल तर त्या लागू होत नाहीत. कायद्याला ‘इम्परमिसिबल’ हे विशेषण जोडावं लागलं, यातच नुसतं अव्हॉइड निर्दोष असल्याची कबुली आहे. या भेदाचं महत्त्व शिकवण्यांमध्ये फारच कमी सांगितलं जातं.

इव्हेडचं वजन शिक्षेत दिसतं. १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम २७६सी मध्ये ‘विलफुली अटेम्प्ट्स टु इव्हेड’, म्हणजे जाणूनबुजून चुकवण्याचा प्रयत्न, असे शब्द होते, आणि रक्कम २५ लाखांवर असेल तर सहा महिने ते सात वर्षं सक्तमजुरी सांगितली होती. म्हणून नोटिशीच्या उत्तरात ‘द अमाउंट वॉज इव्हेडेड’ लिहिणं म्हणजे हेतू कबूल करणं. आकडा नजरचुकीने राहिला असेल तर ‘वॉज इनअ‍ॅडव्हर्टंटली ओमिटेड’ लिहावं.

त्याच कायद्याच्या कलम १४७ मध्ये एस्केप होतं: ‘इन्कम हॅज एस्केप्ड असेसमेंट’. १९२२च्या कायद्यातही हाच प्रयोग होता आणि १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या कायद्यातही तो राहिला. इथे पळणारं उत्पन्न आहे, माणूस नाही. त्यामुळे या शब्दांनी कोणावर लबाडीचा आरोप होत नाही. ती सिद्ध करायला वेगळी कलमं लागतात. मराठीत आपण ‘आकारणीतून सुटलेलं उत्पन्न’ म्हणतो, आणि त्या ‘-तून’पायी मसुद्यात पुन्हा ‘एस्केप्ड फ्रॉम असेसमेंट’ येतं. तो फ्रॉम खोडायचा.