वाईचा पाऊस आणि इटलीतलं मॉडेल

महाबळेश्वरला वर्षाला साधारण सहा मीटर पाऊस पडतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की मीटरभरसुद्धा नाही. सरळ रेषेत अंतर जेमतेम पंचवीसेक किमी. हे सगळं सह्याद्रीमुळे, शाळेतच शिकलोय आपण. पण जगाच्या हवामानाचा अंदाज काढणारी मोठी मॉडेल्स असतात ना, ती पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतात आणि त्यातलं एकेक घर बऱ्याचदा शंभर-दीडशे किमीचं, म्हणजे महाबळेश्वर, वाई, सातारा सगळं एकाच घरात आणि त्या घराला उंची एकच, सरासरी. सह्याद्री तिथे नुसता हलकासा चढ होऊन जातो. मग २०५० साली वाईत पाणी किती असेल हे त्या मॉडेलला विचारून काय उपयोग?

यासाठी २००९ च्या सुमारास कॉर्डेक्स नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. जगाचे प्रदेश वाटून घेतले आणि दक्षिण आशियाचं काम आलं पुण्यात, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेकडे. पद्धत अशी की मोठ्या मॉडेलकडून फक्त प्रदेशाच्या कडेवरचे वारे, तापमान, बाष्प घ्यायचं आणि आतलं गणित ५० किंवा २५ किमीच्या बारीक घरांवर नव्याने करायचं, याला डाउनस्केलिंग म्हणतात. पुण्यात हे केलं तेव्हा कडेचा डेटा जर्मनी, फ्रान्स, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या मॉडेल्सचा होता, आतलं मॉडेल रेगसीएम हे इटलीतल्या ट्रिएस्टे शहरातल्या आयसीटीपी या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, आणि तयार झालेला डेटा बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, कुणालाही वापरायला खुला. मला हे फार मोठं वाटतं.

आयसीटीपीबद्दल थोडं सांगायलाच हवं. ती १९६४ मध्ये पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी उभारली. केंब्रिजहून लाहोरला परतल्यावर भौतिकशास्त्रावर बोलायला आसपास कुणीच नाही, हा एकटेपणा त्यांनी भोगला होता आणि शेवटी देश सोडावा लागला. बाकीच्यांवर ही वेळ येऊ नये म्हणून त्यांनी अशी जागा केली की गरीब देशातल्या संशोधकाने काही आठवडे किंवा महिने यावं, शिकावं, आणि आपल्या देशात परत जाऊन काम करावं. रेगसीएमचा कोड फुकट मिळतोच, पण तो चालवायचा कसा याच्या कार्यशाळाही ते वर्षानुवर्षं घेतायत.

आणि खरी गरज ट्रेनिंगचीच आहे असं माझं ठाम मत आहे, कारण डेटा डाउनलोड करणं सोपं, पण दहा मॉडेल्स पावसाबद्दल दहा आकडे सांगतात तेव्हा त्यातला सोयीचा एक उचलायचा नसतो, सगळ्यांचा पल्ला बघायचा असतो, मॉडेलने मागच्या तीस वर्षांचा पाऊस बरोबर पकडलाय का ते तपासायचं असतं. धोरण लिहिणाऱ्याला हे समजलं नाही तर धरण, पीकविमा, पूररेषा सगळं एका चुकीच्या आकड्यावर उभं राहतं. महाराष्ट्राच्या हवामान कृती आराखड्यासाठी टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेने ब्रिटनच्या मेट ऑफिससोबत, म्हणजे तिथल्या हवामान खात्यासोबत काम केलं ते याच कारणाने, आकड्यांबरोबर ते वाचणारी माणसंही लागतात.

२५ किमीच्या जाळीत महाबळेश्वर आणि वाई निदान शेजारशेजारच्या घरांत येतात, तरी मधला घाट दिसत नाहीच. रेगसीएमचं पाचवं व्हर्जन मात्र काही किमीच्या घरांवरही चालतं, एकेक मोठा ढग त्यात पकडता येतो, फक्त त्याला कॉम्प्युटर प्रचंड ताकदीचा लागतो.