शिणाण्यांचे भाऊबंद कोण?

गोव्याच्या मासळीबाजारात शिणाणे (इंग्रजीत मसल), तिसऱ्या (क्लॅम) आणि कालवं (ऑयस्टर) या शिंपल्यांची गल्लत कोणी करत नाही. ग्रंथांत मात्र अशी गल्लत दीर्घकाळ होत राहिली, आणि फसवलं ते शिंपल्याच्या तिकोनी आकारानं.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ साली ‘मायटिलस’ या एकाच प्रजातीत समुद्री शिणाणे घातले, नि गोड्या पाण्यातला एक मोठा शिंपलाही. १७७१ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ पालासनं गोड्या पाण्यातल्या पट्टेदार झेब्रा शिंपल्यालाही त्याच प्रजातीत घातलं. इंग्रजीत आजही तिघे ‘मसल’च, घराणी मात्र तीन. जीवाश्मशास्त्रज्ञ नॉयमायरनं १८८४ मध्ये शिंपल्याच्या बिजागरीच्या दातांवरून गट पाडले, १९४४ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ बॉयर्लेननं शिणाण्यांच्या शाखेला ‘टेरिओमॉर्फिया’ हे नाव दिलं. पुढे डीएनएनंही तीच विभागणी उचलून धरली: शिणाणे, कालवं, पंख्यासारखे स्कॅलप आणि मोत्यांची समुद्री कालवं एका शाखेतली. ‘तिसऱ्या’ हे शिंपले वेगळ्या शाखेतले, आणि झेब्रा शिंपला त्यांच्या बाजूचा. नदीतले शिंपले तिसरीकडेच. त्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, शिणाण्यांची पाण्यात मोकळी तरंगतात.

मग शिणाणे आणि झेब्रा शिंपला यांचा आकार सारखा कसा? पायातल्या ग्रंथीतून निघणाऱ्या धाग्यांमुळे. बहुतेक शिंपल्यांत हे धागे बालपणापुरतेच असतात. जे मोठेपणीही त्यांनी खडकाला धरून राहतात, त्यांची पुढची बाजू आक्रसते, मागची रुंदावते. दोघे या वळणावर स्वतंत्रपणे पोचले.

हा फरक ओळखणं मुंबई-विशाखापट्टणमच्या गोद्यांत उपयोगी पडतं. तिथं अमेरिकेकडून आलेला ‘मायटिलॉप्सिस’ हा शिंपला गुच्छानं चिकटतो आणि शिणाण्याचं पिल्लू वाटतो. शिंपला उघडून निमुळत्या टोकाच्या आत पाहा: छोटा पडदा असेल आणि आतला थर मोत्यासारखा चमकत नसेल, तर तो झेब्र्याचा भाऊ. नुसत्या पडद्यावर विसंबू नये, सेप्टिफर या खऱ्या शिणाण्यालाही तो असतो.

शिणाण्यांच्या शेतीचं गणितही याच धाग्यांवर चालतं. १५ ते २५ मिलिमीटरचं बी (म्हणजे शिणाण्यांची पिल्लं), दोराच्या मीटरमागे साधारण ५०० ते ७५० ग्रॅम, सुती जाळीत दोराभोवती गुंडाळतात. जाळी कुजेपर्यंत बियांनी दोर धरलेला असतो. जाळी नायलॉनची घेतली तर ती कुजत नाही, आणि वाढते शिणाणे आत कोंडतात. बी खडकावरून ओरबाडून काढलं तर धाग्यांची मुळं मांसासकट तुटतात, ते पुन्हा नीट चिकटत नाही आणि गळून पडतं. कालवं डाव्या शिंपल्यानं कायमची सिमेंटसारखी चिकटतात, म्हणून त्यांना दोराऐवजी शिंपल्यांच्या माळा किंवा कौलं द्यावी लागतात. तिसऱ्यांना तर चिखलच हवा. त्या गाळात रुतून राहतात आणि नळ्या वर पाण्यात काढून श्वास घेतात, दोरावर त्यांचं काही काम नाही.