टायर बदलला की किलोमीटरही बदलतो

"मोठे टायर टाकले आणि गाडीचं ॲव्हरेज पडलं." टायरच्या दुकानात ही तक्रार नेहमी कानावर येते. रुंद, जड टायर जास्त पेट्रोल खातो हे खरंच आहे. पण या तक्रारीतला बराच भाग निव्वळ मोजणीचा असू शकतो.

मीटरला रस्ता दिसत नाही. गिअरबॉक्सवरचा किंवा चाकाजवळचा सेन्सर फक्त फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते, हा आकडा कंपनीने आधीच भरून ठेवलेला असतो. वेगाचा काटा आणि किलोमीटरची नोंद, दोन्ही त्याच आकड्याच्या भरवशावर चालतात.

टायरच्या बाजूला 185/65 R15 असं छापलेलं असतं. रुंदी 185 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे 120 मिलिमीटरच्या आसपास आणि रिम 15 इंचांची, म्हणजे 381 मिलिमीटर. रिमच्या वर एक भिंत, खाली एक भिंत. सगळं मिळून व्यास 621.5 मिलिमीटर. 2018च्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला हाच टायर होता. खालच्या मॉडेलला 165/80 R14 होता. त्याचा व्यास काढून बघा, 619.6 येतो! रिम इंचभर वाढली, तेवढी रबराची भिंत कमी केली आणि फरक उरला जेमतेम 2 मिलिमीटर. मला हे गणित फार देखणं वाटतं.

आता त्याच 15 इंची रिमवर 205/65 चढवला, तर व्यास 647.5 होतो, म्हणजे 4 टक्क्यांनी जास्त. आधी मीटर बिनचूक असेल, तर आता काटा 80वर असताना गाडी 83च्या पुढे पळत असते. मीटरवर 10,000 किलोमीटर पडतात तेव्हा गाडी 10,400हून जास्त चाललेली असते. लिटरला 20 देणारी गाडी एक थेंबही जादा न जाळता हिशेबात 19.2 देऊ लागते.

वेगाच्या काट्यासाठी संयुक्त राष्ट्रांचं नियमन 39 आहे. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही, थोडं जास्त दाखवलं तर चालतं. म्हणून कंपन्या काटा मुद्दाम जरा पुढे ठेवतात. मोठा टायर ही सुरक्षेची जागा खाऊन टाकतो, आणि ते मला खरोखर काळजीचं वाटतं.

झिजेचा परिणाम उलटा होतो. नव्या टायरची खाच साधारण 8 मिलिमीटर खोल असते, 1.6 राहिली की टायर बदलायचा. तोवर व्यास 13 मिलिमीटरने, म्हणजे 2 टक्क्यांनी घटतो आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवू लागतो.

हे घरच्या घरी तपासता येतं. हायवेवर काटा 80वर स्थिर ठेवा आणि शेजारी बसलेल्याला घड्याळ लावायला सांगा. काटा बिनचूक असेल, तर एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत 45 सेकंद लागायला हवेत. किलोमीटरच्या नोंदीसाठी असे 20 किलोमीटर जाऊ द्या. मीटरवर 19.2च पडले असतील, तर पुढच्या वेळी ॲव्हरेज काढताना मीटरच्या आकड्याला 1.04 ने गुणून घ्या.