कॉनरॅडची कादंबरी आणि बेल्जियमचा खेद

३० जून २०२० रोजी काँगोच्या स्वातंत्र्याला साठ वर्षं झाली. त्या दिवशी बेल्जियमचे राजे फिलिप यांनी काँगोचे अध्यक्ष फेलिक्स चिसेकेदी यांना पत्र पाठवून वसाहतकाळातल्या अत्याचारांबद्दल खेद व्यक्त केला. गादीवर असलेल्या बेल्जियन राजाने असं काही लिहिण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी काही आठवडे, अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनात, बेल्जियमचा एकोणिसाव्या शतकातला राजा लिओपोल्ड दुसरा याचा अँटवर्पमधला पुतळा जाळला गेला होता आणि मग तो हलवावा लागला होता. काँगोचा विषय निघाला की एका कादंबरीचं नाव निघतंच, तसं तेव्हाही निघालं: जोसेफ कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’. आपल्याकडे इंग्रजी घेऊन एम.ए. केलेल्यांनी ती परीक्षेपुरती तरी वाचलेली असते, आणि ‘माणसाच्या मनातला अंधार’ हे उत्तर लिहून गुणही मिळवलेले असतात. हे उत्तर कुठून आलं आणि ते कोणी मोडीत काढलं, हा इतिहास पुतळ्यांच्या राजकारणापर्यंत येऊन पोचतो.

सुरुवात युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीसाठी भरवलेल्या १८८४-८५च्या बर्लिन परिषदेपासून करावी लागते. बेल्जियमच्या सत्तरहून अधिक पट मोठा मुलूख त्या सुमारास लिओपोल्डच्या हाती आला. तो बेल्जियम या देशाला नव्हे, खुद्द राजाला मिळाला, जणू खाजगी जहागीर. नाव मात्र ‘काँगो स्वतंत्र राज्य’. १८९० मध्ये कॉनरॅड तिथे आगबोटीवरच्या नोकरीसाठी गेला. करार तीन वर्षांचा होता. वर्षाच्या आतच आव आणि तापाने खंगून तो परतला. तो जन्माने पोलिश, रशियन साम्राज्याची प्रजा. आईवडिलांची हद्दपारी त्याने लहानपणी भोगलेली. परक्या सत्तेखाली जगणं म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. गुंता इथूनच सुरू होतो.

कादंबरी १८९९ मध्ये ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये क्रमशः आली. आगबोटीने एका आफ्रिकी नदीतून आत शिरून, हस्तिदंत गोळा करणाऱ्या कुर्ट्झ नावाच्या गोऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत पोचण्याची ही गोष्ट. तिच्यात काँगोचं नाव नाही, लिओपोल्डचंही नाही. पण कंपनीच्या ठाण्यावरचा मुख्य हिशेबनीस आठवा. कडक इस्त्रीची कॉलर, स्वच्छ कफ, वह्या चोख. त्याच्या उंबऱ्यावरून ज्या झाडीचे शेंडे दिसतात, त्या झाडीखाली वेठीला आणलेली काळी माणसं निपचित पडून मरत आहेत. शेजारी खाटेवर एक आजारी गोरा कर्मचारी कण्हतो, आणि हिशेबनिसाची तक्रार एवढीच की या आवाजाने आकडे चुकतात. सगळी कादंबरी विसरली तरी चालेल, हे पान विसरू नये. लूट कशी चालते हे ते कुठल्याही अहवालाइतकं स्पष्ट सांगतं.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. तोडलेल्या हातांची जी छायाचित्रं काँगो म्हटलं की आठवतात, ती या कादंबरीतली नव्हेत. कॉनरॅडने पाहिला तो हस्तिदंताचा काळ. हवेच्या टायरांमुळे रबराला भाव आला आणि खरा कहर त्यानंतर झाला. गावागावाला रबराचा कोटा लावला गेला आणि शिपायांकडून खर्च झालेल्या काडतुसांचा हिशेब तोडलेल्या हातांच्या रूपाने मागितला जाऊ लागला. ते जगापुढे आणलं ते ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंटच्या १९०४च्या अहवालाने आणि ई. डी. मोरेलच्या चळवळीने. मोरेल जहाज कंपनीत कारकून होता. अँटवर्पला रबर नि हस्तिदंत उतरतं आणि परतीच्या बोटीत जातात ते बंदुका-काडतुसं, हे कागदोपत्री पाहून त्याने ताडलं की हा व्यापारच नव्हे. कॉनरॅडची कादंबरी म्हणजे या विषयावरचं सर्वांत प्रभावी लेखन, असं तो मानत असे. म्हणजे पहिल्या वाचकांपैकी काहींना तरी ही कादंबरी राजकीयच वाटली होती. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियमच्या हवाली करावा लागला.

पुढच्या पन्नास वर्षांत हे राजकारण पुसलं गेलं. १९४८ मध्ये इंग्रज समीक्षक एफ. आर. लीव्हिसने कॉनरॅडला इंग्रजी कादंबरीच्या थोर परंपरेत बसवलं (या कादंबरीतल्या ‘गूढ’, ‘अगम्य’ छापाच्या विशेषणांच्या भरमारावर त्याने नाक मुरडलं, ही गोष्ट वेगळी). नंतर मनोविश्लेषणाची चलती झाली आणि नदीतला प्रवास अंतर्मनातला प्रवास ठरला. काँगो हा नुसता पडदा उरला.

१८ फेब्रुवारी १९७५ रोजी अॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबेने हा पडदा ओढून काढला. एका क्षुद्र युरोपीय मनाच्या पडझडीसाठी अख्ख्या आफ्रिकेने नेपथ्य का व्हायचं, असा त्याचा सवाल होता. त्याने पात्रांचे संवाद मोजले. आफ्रिकी माणसांच्या तोंडी समजेलशी भाषा फक्त दोनदा येते: एकदा माणसाचं मांस मागताना आणि एकदा कुर्ट्झ मेल्याची वर्दी देताना. कॉनरॅड पक्का वंशवादी होता, असा निकाल त्याने दिला. निकालापेक्षा मला ती मोजणी महत्त्वाची वाटते. निकाल मान्य नसलेल्यालाही ती खोडता येत नाही.

हा आवाज एकट्याचा नव्हता. १९६८ मध्ये केनियाचा लेखक गुगी वा थिओंगो आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी नैरोबी विद्यापीठाचा इंग्रजी विभागच बरखास्त करून आफ्रिकी साहित्य केंद्रस्थानी ठेवावं, अशी मागणी केली होती. वसाहतवादविरोधी विचारवंत फ्रान्झ फॅनन १९६१ मध्ये वारला, त्याच वर्षी जानेवारीत काँगोचा पहिला पंतप्रधान पात्रिस लुमुम्बा मारला गेला. साहित्यातला वसाहतवाद उलगडणारी वसाहतोत्तर टीका ही नंतर विद्यापीठात स्थिरावली. तिची मुळं या हत्यांच्या आणि स्वातंत्र्यांच्या दशकात आहेत.

एडवर्ड सैदची गोष्ट थोडी निराळी. जेरुसलेममध्ये जन्मलेला हा पॅलेस्टिनी समीक्षक. त्याचं पहिलं पुस्तकच कॉनरॅडवर, १९६६ चं. १९७८च्या ‘ओरिएंटॅलिझम’ने तो जगभर गाजला, पण कादंबऱ्या वाचायच्या कशा हे त्याने सविस्तर सांगितलं ते १९९३च्या ‘कल्चर अँड इम्पीरिअॅलिझम’मध्ये. त्याचं म्हणणं असं की साम्राज्य म्हणजे लूट, हे कॉनरॅडला दिसत होतं. ती संपेल आणि ही माणसं आपला कारभार आपण करतील, हे मात्र त्याच्या कल्पनेत येत नव्हतं. अचेबेपेक्षा हे वाचन मला अधिक टिकाऊ वाटतं, कारण त्यात लेखकाला पिंजऱ्यात उभं न करताही त्याची मर्यादा नेमकी सापडते.

वर्तमान राजकारणाकडे वळण्याचं धाडसही सैदने त्याच पुस्तकात केलं. कॉनरॅडच्या ‘नोस्ट्रोमो’ (१९०४) मध्ये होल्रॉइड नावाचा सॅन फ्रान्सिस्कोचा भांडवलदार आहे. जगाचा धंदा आम्हीच चालवणार, मग जगाला आवडो न आवडो, अशी त्याची भाषा. शीतयुद्ध संपल्यापासून अमेरिकी सरकारची ‘नव्या जागतिक व्यवस्थे’ची जी भाषणं झाली, ती या होल्रॉइडने लिहून दिल्यासारखी आहेत, असं सैदने म्हटलं. त्याच पुस्तकात जेन ऑस्टेनच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ (१८१४) मधल्या सर टॉमसच्या अँटिग्वातल्या मालमत्तेवरही त्याने बोट ठेवलं. टुमदार हवेलीचा खर्च भागवायला कुठेतरी समुद्रापार गुलाम राबत असले पाहिजेत, हे वाचकाने लक्षात ठेवावं. त्यावरून इंग्लंडात बराच थयथयाट झाला. २०२० मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या तिथल्या नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ वास्तूंचा वसाहतींशी किंवा गुलामगिरीशी असलेला संबंध अहवालात मांडला, तेव्हा हुजूर पक्षाचे काही खासदार जवळपास त्याच सुरात भडकले. यादीत चर्चिलचं घर होतं, किपलिंगचंही. सैदने कादंबरीला विचारलेला प्रश्न आता घरांच्या मालकीहक्काला विचारला जात होता.

बेल्जियममध्ये प्रश्न पैशांपर्यंत गेला. राजाच्या पत्रानंतर जुलै २०२० मध्ये संसदेने वसाहतकाळाच्या तपासासाठी समिती नेमली. अडीच वर्षं साक्षी झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये समिती निष्कर्षाविना गुंडाळली गेली, कारण औपचारिक माफी मागितली तर नुकसानभरपाईचे दावे येतील, या धास्तीने पक्षांत एकमत झालं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये राजे फिलिप किन्शासाला गेले होते. सोबत त्यांनी सुकु लोकांचा काकुंगू मुखवटा नेला. तो काँगोच्या संग्रहालयाला दिला, पण बेमुदत उसनवारीवर! ज्यांचा मुखवटा त्यांनाच तो उसना. त्याच महिन्यात लुमुम्बाचा दात त्याच्या कुटुंबाला परत मिळाला. मृतदेह आम्लात विरघळवणाऱ्या बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने तो जवळ ठेवला होता.

आज जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतं. बॅटऱ्या, फोन, विजेच्या मोटारी यांच्यावर लिहिताना पत्रकार पुन्हा कॉनरॅडच्या शीर्षकाचा आधार घेतात, आणि अचेबेची तक्रार जशीच्या तशी लागू पडते: काँगो परत दुसऱ्या कोणाच्या अपराधभावनेचं नेपथ्य. खाणीतल्या शोषणाबद्दल लिहिलंच पाहिजे, पण त्यासाठी १८९९ चं शीर्षक कशाला? इन कोली जाँ बोफान या काँगोली लेखकाची ‘काँगो इंक.’ ही फ्रेंच कादंबरी २०१४ मध्ये आली. तिच्या उपशीर्षकात बिस्मार्कचं मृत्युपत्र आहे, म्हणजे थेट या जर्मन चॅन्सेलरने भरवलेली बर्लिन परिषद. तिचा नायक इसूकांगा हा जंगलातल्या गावातला पिग्मी तरुण. खनिजांसाठी लढण्याचा एक ऑनलाइन खेळ तो खेळतो आणि जागतिकीकरणात आपणही हात मारायचा म्हणून किन्शासा गाठतो. तो बोलतो भरपूर, आणि त्याला कोणाची कीव नको असते, नफ्यातला वाटा हवा असतो.