युरोपीय राजघराण्यांतील विवाहसंबंध

युरोपातील सत्ताधारी घराण्यांनी तह, वारसा आणि हद्दी यांची तजवीज करण्यासाठी आपापसांत जुळवलेल्या सोयरिकी. ही पद्धत मध्ययुगापासून पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. राज्य ही घराण्याची मिळकत मानली जाई आणि मुलगा नसल्यास अनेक ठिकाणी ती मुलीकडे, तिच्यामागे तिच्या मुलांकडे जाई. त्यामुळे राजकन्येला मागणी घालणाऱ्याची नजर तिच्या माहेरच्या मुलखावरही असे. लग्नाचा करार दोन्हीकडचे वकील ठरवत. हुंड्याची रक्कम, बंदरे, व्यापाराच्या सवलती, वधूने माहेरच्या गादीवरचा हक्क सोडल्याची कबुली अशी त्यात कलमे असत. वधूवरांनी एकमेकांना बहुधा चित्रातच पाहिलेले असे.

या धोरणाचा सर्वांत मोठा लाभ ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याला झाला. १४७७ मध्ये या घराण्यातल्या माक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीशी लग्न केले आणि नेदरलँड्समधील श्रीमंत शहरे घराण्यात आली. त्यांचा मुलगा फिलिप याला १४९६ मध्ये स्पेनची हुआना दिली. गादीच्या रांगेत हुआनाच्या पुढे असलेली भावंडे आणि भाचा एकामागून एक वारले, आणि १५१६ मध्ये स्पेन, नेपल्स व अमेरिकेतील मुलूख तिच्या मुलाकडे, पाचव्या चार्ल्सकडे आला. १५१५ च्या जुलैत व्हिएन्नात तर सरळ साटेलोटे झाले. माक्सिमिलियनची नात मेरी हंगेरीचा राजपुत्र लुई याला आणि लुईची बहीण अ‍ॅना माक्सिमिलियनच्या नातवाला. दोन नातवांपैकी कोणाला, हे मात्र अजून ठरले नव्हते. म्हणून ५६ वर्षांचे आजोबाच नातवाच्या जागी, जेमतेम बारा वर्षांच्या अ‍ॅनाशेजारी वेदीसमोर उभे राहिले. पुढे अ‍ॅनाचे लग्न धाकट्या फर्डिनंडशी झाले. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत तुर्कांपुढून माघार घेताना विशीतला लुई मेला. त्याला मूल नव्हते. बोहेमियाचा मुकुट आणि हंगेरीवरचा हक्क मेहुण्याकडे, फर्डिनंडकडे आला. ‘लढाया इतरांनी कराव्यात, भाग्यवान ऑस्ट्रिया, तू लग्ने कर’ ही लॅटिन उक्ती याच घराण्याविषयीची आहे. ती अर्धीच खरी आहे. बर्गंडीच्या वारशावरून फ्रान्सशी जडलेले वैर पुढच्या कित्येक पिढ्यांना लढाया करूनच निस्तरावे लागले.

मिळालेला मुलूख बाहेर जाऊ नये म्हणून हॅब्सबर्गांच्या स्पॅनिश आणि ऑस्ट्रियन शाखा एकमेकींतच मुली देऊ-घेऊ लागल्या. स्पेनच्या चौथ्या फिलिपने १६४९ मध्ये आपली सख्खी भाची मारियाना हिच्याशी लग्न केले. तिची सोयरीक आधी त्याच्या मुलाशी ठरली होती. मुलगा वारला आणि भावी सासराच नवरा झाला. या मामा-भाचीचा मुलगा दुसरा कार्लोस (१६६१–१७००) चालायला आणि बोलायला फार उशिरा शिकला. ‘हॅब्सबर्ग जबडा’ म्हणून ओळखली जाणारी पुढे आलेली हनुवटी त्याच्यात इतकी ठळक होती की त्याला घास नीट चावता येत नसे. २००९ मध्ये संशोधकांनी वंशावळीवरून त्याचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आईबापांकडून एकाच पूर्वजाचे तेच जनुक दोनदा मिळण्याची शक्यता, ०.२५४ काढला. सख्ख्या बहीणभावांच्या अपत्यात तो ०.२५ येतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धोरणाचा सगळा भार या एका आजारी माणसाने वाहिला. दोन लग्ने होऊनही तो निपुत्रिक वारला आणि त्याच्या वारशासाठी १७०१ ते १७१४ युरोपभर युद्ध झाले.

या प्रथेची मराठी वाचकाच्या घरातली खूण म्हणजे मुंबई. १६४० मध्ये स्पेनपासून सुटलेल्या पोर्तुगालला इंग्लंडच्या आरमाराचा आधार हवा होता आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स पैशाच्या तंगीत होता. २३ जून १६६१ च्या तहाने ब्रॅगांझा घराण्याची कॅथरिन चार्ल्सला देण्यात आली. तिच्याबरोबर २० लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), उत्तर आफ्रिकेतील टँजियर बंदर आणि अकराव्या कलमानुसार मुंबई बेट. मुंबई आंदण मिळाली, हे आपण शाळेत एका वाक्यात शिकतो. ती प्रत्यक्ष हाती यायला मात्र जवळजवळ चार वर्षे लागली. बेटाचा ताबा घेण्यासाठी इंग्लंडच्या राजाने धाडलेला अब्राहम शिपमन १६६२ मध्ये येऊन पोचला, तर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याच्या कागदपत्रांत खोट काढून ताबा नाकारला. कारवारजवळच्या, आज गोवा राज्यात मोडणाऱ्या अंजदीव बेटावर तो फौजेसह अडकून पडला. रोगराईने बहुतेक शिपाई तिथेच मेले. १६६४ मध्ये शिपमनही गेला. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी इंग्रजांतर्फे हम्फ्री कुकने ताबा घेतला. १६६८ मध्ये चार्ल्सने हे आंदण सालीना १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. दोन घराण्यांच्या या देवघेवीत बेटावरच्या कोळी-भंडाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. जिच्या लग्नात हे सारे झाले त्या कॅथरिनने मुंबई कधी पाहिली नाही. तिला मूल झाले नाही, नवऱ्याच्या रखेल्यांबरोबर दरबारात दिवस काढावे लागले, आणि १६९२ मध्ये, वैधव्यानंतर, ती माहेरी निघाली.

परक्या घरी जाणाऱ्या मुलीचे काय होई, ते १७७० मध्ये फ्रान्सच्या युवराजाला दिलेल्या ऑस्ट्रियाच्या राजकन्येच्या, मारी आंत्वानेतच्या पाठवणीत फार जवळून दिसते. १९ एप्रिलला व्हिएन्नात तिचे लग्न लागले तेव्हा नवरदेव हजरच नव्हता. त्याच्या जागी तिचा सख्खा भाऊ उभा होता. ती १४ वर्षांची होती. स्ट्रासबुर्गजवळ ऱ्हाइन नदीतल्या एका बेटावर, ना ऑस्ट्रियात ना फ्रान्समध्ये अशा जागी, तिला ‘सुपूर्द’ करण्यासाठी लाकडी मंडप उभारला होता. एका बाजूने ऑस्ट्रियन लवाजम्यासह आत जायचे, दुसऱ्या बाजूने फ्रेंच म्हणून बाहेर पडायचे. माहेरची माणसे तिथूनच परत. स्ट्रासबुर्गला शिकत असलेला, पुढे जर्मन कवी म्हणून गाजलेला तरुण गटे (योहान वोल्फगांग) हा मंडप आधी पाहून आला होता. मुख्य दालनातल्या भिंतपडद्यांवर जेसन आणि मीडिया यांची ग्रीक कथा विणलेली पाहून तो संतापला. तीत जेसन दुसरे लग्न करू पाहतो आणि मीडिया सूडाने नव्या वधूला व स्वतःच्या मुलांना मारते. नववधूच्या वाटेवर जगातल्या सर्वांत भीषण लग्नाचे चित्र लावायचे कोणाला सुचले, असा त्याचा सवाल होता.

सोयरिकीला धर्माची अट असे. सासरचा पंथ वेगळा असेल तर मुलगीच बहुधा तो स्वीकारी. दुसरी अट बरोबरीच्या कुळाची. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड याने सोफी खोटेक या सरदारकन्येशी लग्न करायचे ठरवले, तेव्हा आपल्या मुलांना गादीचा हक्क राहणार नाही अशी शपथ त्याला २८ जून १९०० रोजी घ्यावी लागली. दरबारी समारंभांत सोफीला नवऱ्याशेजारी स्थान नसे. सारायेव्होला तो लष्करी नात्याने गेला होता, म्हणून तिथे ती उघडपणे त्याच्याशेजारी गाडीत बसू शकली. तो दिवस २८ जून १९१४ होता. दोघेही गोळ्यांना बळी पडले.

एकोणिसाव्या शतकात हे जाळे दोन कुटुंबांभोवती विणले गेले. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये मामेभाऊ अल्बर्टशी लग्न केले. त्यांना ९ मुले आणि ४२ नातवंडे झाली. डेन्मार्कच्या नवव्या क्रिस्तियनची एक मुलगी अलेक्झांड्रा इंग्लंडच्या युवराजाला, दुसरी डॅगमार रशियाच्या युवराजाला दिली होती आणि एक मुलगा ग्रीसचा राजा झाला. व्हिक्टोरियाला युरोपची आजी आणि क्रिस्तियनला युरोपचा सासरा म्हणत. इंग्रजीतल्या एकाच ‘कझिन’ शब्दात जी नाती गुडूप होतात ती मराठीत स्वच्छ सांगता येतात. रशियाचा दुसरा निकोलस हा इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जचा मावसभाऊ, जर्मनीचा दुसरा विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ, आणि निकोलसची बायको अलिक्स ही जॉर्जची आतेबहीण व विल्हेल्मची मावसबहीण. जॉर्ज आणि निकोलस दिसायला इतके सारखे की १८९३ मध्ये जॉर्जच्या लग्नात पाहुण्यांची गफलत झाली.

या नात्यांनी राज्यकारभार बदलला का? लेक इंग्लंडला देऊन वर्ष होत आले तोच, १८६४ मध्ये, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने क्रिस्तियनकडून श्लेस्विग व होल्स्टाइन हिसकावले. इंग्लंड मदतीला आले नाही. २४ मे १९१३ रोजी बर्लिनला विल्हेल्मच्या मुलीचे लग्न होते. तिघे भाऊ वऱ्हाडात होते, विल्हेल्मच्या होहेनझोलर्न घराण्याच्या रिवाजाचे मशालींचे नृत्य झाले, आणि तिघे एकत्र आले ते तेव्हा शेवटचे. पुढच्या वर्षी २९ जुलैपासून विल्हेल्म आणि निकोलस एकमेकांना इंग्रजीत तारा करत होते, खाली सही ‘विली’ आणि ‘निकी’. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. १९१७ मध्ये पदच्युत निकोलसला आसरा द्यायची तयारी ब्रिटिश सरकारने दाखवली होती. जॉर्जच्या आग्रहाने ती मागे घेतली गेली. त्याला स्वतःच्या गादीची काळजी होती, हे समजू शकते. मावसभावाच्या पाच मुलांचा विचार केला की मात्र ते गळी उतरत नाही. १७ जुलै १९१८ च्या पहाटे रशियातील येकातेरिनबुर्ग शहरात एका घराच्या तळघरात निकोलस, अलिक्स आणि त्यांची मुले मारली गेली.

अलिक्सचा मुलगा अलेक्सेई याला रक्त न गोठण्याचा आजार, हिमोफिलिया होता. व्हिक्टोरियाच्या लेकी-नातींमार्फत हा आजार रशिया, स्पेन आणि जर्मनीतील हेसच्या (अलिक्सच्या माहेरच्या) घराण्यांत पोचला. बायका तो वाहत, भोगत मुलगे.

महायुद्धानंतर बहुतेक गाद्या गेल्या आणि उरलेल्यांनी कुळाची अट सैल केली. नॉर्वेच्या हराल्डने नऊ वर्षे वाट पाहून १९६८ मध्ये सोन्या हराल्डसेन या सामान्य घरातल्या मुलीशी लग्न केले. जुन्या सोयरिकी तरीही एकदा कामी आल्या. येकातेरिनबुर्गजवळ १९९१ मध्ये उकरून काढलेले सांगाडे कोणाचे, हे ठरवायला अलिक्सच्या माहेरचे रक्त हवे होते. मायटोकॉन्ड्रियातील डीएनए आईकडूनच मुलांत उतरतो. अलिक्सच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा, म्हणजे राणी एलिझाबेथचे पती फिलिप, यांनी रक्ताचा नमुना दिला आणि १९९३ मध्ये अलिक्सची व तिच्या तीन मुलींची ओळख पटली.